चौथं रीळ आधी

भुसावळला मे महिन्यात बर्फ पडला
रात्री साडेनऊला, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या
चुना मारलेल्या भिंतीवर.
बाहेर डांबर अजून चपलेला चिकटत होतं.

नेहेते सरांनी पुण्याहून मागवलेले चार डबे
दोन दिवस पार्सल ऑफिसात पडून होते
केळीच्या घडांना टेकून,
आणि त्यांच्यावरचे खडूचे आकडे
हमालांच्या घामाने पुसून गेलेले.
याकूब तडवीने एकेक डबा कानाशी धरून वाजवला,
टरबूज पारखावं तसा,
आणि म्हणाला, हे पहिलं.

जपानी सिनेमा. लाकडी बादल्या करणारा म्हातारा,
त्याची बायको, एक विहीर, एक पूल.
एवढंच.
खालून इंग्रजी अक्षरं पळायची,
नेहेते सर मोठ्याने मराठीत सांगू लागले,
मागे पडले, परत गाठू लागले,
मग गप्प बसून आमच्यासारखेच बघत राहिले.

वडील माझ्या शेजारी.
लोको शेडात फिटर, मानेवर ओला टॉवेल.
ते आले कारण घरी लाइट नव्हती.
अर्धा तास काही बोलले नाहीत. मग कोपराने ढोसलं मला:
‘रंधा अंगाकडे ओढतो रे भो. आपन ढकलतो.’
आणि खरंच, म्हातारा रंधा ओढत होता,
लाकडाची साल
कांद्याच्या पापुद्र्यासारखी
त्याच्या मांडीवर येऊन पडत होती,
आणि कॅमेरा हलत नव्हता,
घाई नसलेला पाहुणा जसा उंबऱ्याशी बसून राहतो.

म्हातारा मेला तेव्हा मेलेला दाखवलाच नाही.
बायकोने रंधा उचलला,
पात्याला बोटाने तेल लावलं,
फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला.
मग दार. बराच वेळ नुसतं दार,
त्यापलीकडे बर्फ.
मग मधोमध एकच पांढरं अक्षर,
काटक्यांची मोळी सोडल्यासारखं.

आम्हाला वाटलं, मध्यंतर.
बाहेर जाऊन चहा प्यालो,
माठातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

परत आलो तर म्हातारा ओसरीवर बसून
मुळा खात होता. कच्चा. करकर आवाज करत.

दीडशे माणसं होती हॉलमध्ये.
कोणी हूं केलं नाही.
याकूबला कळलं असणार, त्याच क्षणी कळलं असणार.
त्याने मशीन थांबवलं नाही.
म्हातारा खोकला, हसला, रंधा काढला,
नवी बादली खांद्याला लावून पुलावर गेला,
भुरभुर सुरू झाली बर्फाची
आणि फीत संपली. भिंत तशीच पांढरी.
पंखे फिरत होते. कोणी उठेना.

वडील पुलावरून घरी येताना म्हणाले,
‘आला ना भो परत.’
दुसऱ्या दिवशी शेडात त्यांनी
कानस अंगाकडे ओढून बघितली.
जमत नाही, म्हणाले. दात उलटे असतात.

मागच्या महिन्यात मुलीच्या लॅपटॉपवर
तोच सिनेमा पाहिला, बरोबर क्रमाने.
मोठा सिनेमा आहे. खोटं कशाला बोलू,
क्रमाने जास्तच मोठा आहे.
तो खोकला आधीचा होता, हे आत्ता कळलं,
पुलावर सुरू झालेला बर्फ
कोणत्या दारापर्यंत जाणार, तेही.
मुलगी रडली. मी तिला पाणी दिलं.

मग तिने विचारलं,
पात्याला तेल का लावते ती?
आता कोण वापरणार आहे?

वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली.
त्यांची कानस माझ्याकडे आहे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, ग्रीस लावून.
मी म्हणालो, अगं,
पुढच्या रिळात लागतो ना त्याला.